घोडीच्या वेस्ट नाईल लशीचा दुसरा डोस लांबला, आता काय?

मंडळी, मदत हवी आहे. घोडीला वेस्ट नाईलच्या (डास चावल्यानं होणाऱ्या विषाणूजन्य आजाराच्या) लशीचा पहिलाच डोस दिला होता. दुसरा ४ ते ६ आठवड्यांत द्यायचा, पण मध्येच तिला ताप आला आणि आता ९ आठवडे उलटलेत. डास तर सुरू झालेच. संध्याकाळी मानेवरून हात फिरवला की तळव्याला रक्ताचे ठिपके लागतात. पाण्याचं टाकं दर चार दिवसांनी उपसतो, पण पक्ष्यांकडून डासांत येणारा विषाणू तेवढ्यानं थोडाच थांबणार? (घोड्याकडून घोड्याला लागत नाही, तेवढंच बरं.) आता नुसता दुसरा डोस चालेल की पुन्हा पहिल्यापासून? त्यात ती गाभण आहे. कुणाला असा अनुभव? डॉक्टर सोमवारी येणार आहेत, त्यांना नेमकं काय विचारू?