फारा विल्यम्स : १७२ सामन्यांचे मोल नेमके किती?

मध्यरेषा :

इंग्लंडच्या महिला फुटबॉलची चर्चा हल्ली २०२२च्या युरो विजेतेपदापासून सुरू होते आणि मधल्या फळीचा विषय निघाला की केइरा वॉल्श व जॉर्जिया स्टॅनवे या दोन नावांपाशी येऊन थांबते. त्यांच्याआधी जवळपास दोन दशके त्या जागेवर खेळलेल्या फारा विल्यम्सचा उल्लेख आलाच, तर ‘बेघर असतानाही देशासाठी खेळलेली मुलगी’ एवढ्यावर तो आटोपतो. ही ओळख खरी आहे, परंतु अपुरी आहे. तिच्या आडोशाने आपण एका असामान्य खेळाडूचा प्रत्यक्ष खेळ पाहायचे टाळतो, असे माझे मत आहे. इंग्लंडची आजवरची सर्वश्रेष्ठ मिडफिल्डर कोण, या प्रश्नाला माझे उत्तर फारा विल्यम्स हेच आहे.

तिचा जन्म १९८४चा, लंडनमधला. चेल्सीकडून सुरुवात, मग चार्लटन, आणि २००४पासून आठ वर्षे एव्हर्टन. नोव्हेंबर २००१मध्ये पोर्तुगालविरुद्ध ती इंग्लंडच्या मुख्य संघाकडून पहिल्यांदा मैदानात उतरली, तेव्हा तिचे वय १७ होते. तिथून पुढे १७२ आंतरराष्ट्रीय सामने आणि ४० गोल. इंग्लंडकडून, पुरुष असो वा स्त्री, इतके सामने दुसरे कोणीही खेळलेले नाही; पुरुषांमधला गोलरक्षक पीटर शिल्टन यांचा विक्रम १२५ सामन्यांचा आहे. क्लबपातळीवर पाहिले, तर एव्हर्टनसह २०१०चा एफए कप, लिव्हरपूलसह २०१३ आणि २०१४ अशी सलग दोन लीग विजेतेपदे (दुसरे तर शेवटच्या दिवशी केवळ गोलफरकावर मिळालेले) आणि आर्सेनलसह २०१६चा एफए कप एवढे तिच्या नावावर आहे. या काळात एव्हर्टन हा काही सगळे जिंकणारा बलाढ्य संघ नव्हता, हेही ध्यानात घ्यावे.

वेग हे तिचे बलस्थान कधीच नव्हते. चेंडू पायाशी येण्याआधीच तो कुठे धाडायचा हे तिने ठरवलेले असे आणि चाळीस-चाळीस मीटरचे पास ती विंगवरच्या सहकाऱ्याच्या धावेत नेमके टाकत असे. आणि २०१५चा विश्वचषक कोणी विसरू नये. कॅनडातल्या एडमंटनमधील उपांत्य सामन्यात जपानविरुद्ध इंग्लंड पिछाडीवर असताना बरोबरी साधणारी पेनल्टी तिची. भरपाईच्या वेळेत लॉरा बॅसेटच्या स्वयंगोलमुळे तो सामना हातचा गेला. त्यानंतर तीनच दिवसांनी, त्याच एडमंटनमध्ये, तिसऱ्या क्रमांकासाठीच्या लढतीत १०८व्या मिनिटाला जर्मनीविरुद्धची पेनल्टीही तिनेच मारली. इंग्लंडच्या महिला संघाने जर्मनीला हरवल्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

आकडेमोड :

मध्यरेषा यांनी विल्यम्सबद्दल आपुलकीने लिहिले आहे. तथापि ज्या आकड्यावर सारी इमारत उभी आहे, तो आकडाच तपासून घ्यायला हवा. महिला फुटबॉलमध्ये पात्रता फेरीचे सामने कमालीचे विषम असतात. विल्यम्सच्याच काळात, सप्टेंबर २०१४मध्ये, इंग्लंडने माँटेनेग्रोला त्यांच्या घरच्या मैदानावर १०-० असे हरवले होते. असे सामने ज्या बेरजेत मोजले जातात, ती शिल्टन यांच्या १२५ सामन्यांशेजारी ठेवणे म्हणजे दोन वेगवेगळी मापे एकाच तराजूत घालणे आहे. शिवाय गोलरक्षकाची जागा एकच असते, तिथली स्पर्धा निराळी असते.

दुसरे असे की, १७२ ही टिकून राहण्याची मोजणी आहे, श्रेष्ठत्वाची नव्हे. त्याच काळातल्या केली स्मिथने वारंवार दुखापती सोसून ११७ सामन्यांत ४६ गोल केले, आणि आघाडी व मधली फळी यांच्यामधल्या जागेत खेळताना सामन्याचा रंग एकटीने पालटण्याची जी ताकद तिच्यात होती, ती विल्यम्समध्ये मला तरी कधी दिसली नाही. मोठ्या स्पर्धांचा हिशेब मांडावा, तर २००९च्या युरो अंतिम सामन्यात जर्मनीकडून २-६ अशी हार आणि २०१३च्या युरोमध्ये गटात तळाचे स्थान, हेही याच कारकिर्दीत घडले. विश्वचषकातील ज्या दोन गोलांचे वर्णन वर आले, ते दोन्ही पेनल्टीवरचे आहेत, आणि त्या स्पर्धेतला कोलंबियाविरुद्धचा तिचा तिसरा गोलही पेनल्टीच होता. याउलट २०२२च्या अंतिम सामन्यात सामनावीराचा मान वॉल्शला मिळाला, आणि एला टूनच्या गोलआधीचा तो लांब पास तिचाच होता. लांब पासांचीच कसोटी लावायची असेल, तर वेम्ब्लीवर, विजेतेपद पणाला लागलेले असताना दिलेला तो पास मला अधिक मोलाचा वाटतो.

रात्रपाळी :

दोन्ही मते वाचली. आकडेमोड यांचा हिशेब बरोबर असेल, परंतु तो ज्या परिस्थितीत घडला ती त्यांनी पूर्णपणे वगळली आहे. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१मध्ये स्त्रियांना आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर खेळण्यास मनाई केली आणि ती जवळपास अर्धशतक टिकली. त्या मनाईची सावली विल्यम्सच्या पिढीपर्यंत पोहोचलेली होती. चार्लटनचे उदाहरण घ्या. पुरुषांचा संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला, म्हणून २००७मध्ये क्लबने खर्च वाचवण्यासाठी महिलांचा संघच बंद केला. तो संघ त्या वेळी देशातल्या चांगल्या संघांपैकी एक होता. राष्ट्रीय खेळाडूंना असोसिएशनकडून करार मिळू लागले ते २००९मध्ये, आणि त्यांची रक्कम होती वर्षाला १६,००० पाउंड. महिला सुपर लीग सुरू झाली २०११मध्ये, म्हणजे विल्यम्सच्या पदार्पणानंतर दहा वर्षांनी. नुसते टिकून राहणे असे ज्याला आपण म्हणता, ते त्या दहा वर्षांत कितीजणींना साधले?

आता मध्यरेषा यांच्याशीही माझा मतभेद नोंदवतो. बेघरपण बाजूला ठेवून तिचा खेळ पाहावा, असे त्या म्हणतात. मला हे शक्य वाटत नाही आणि इष्टही वाटत नाही. घरच्या वादानंतर ती बाहेर पडली आणि सहा-सात वर्षे लंडनमधल्या वसतिगृहांत राहिली. त्याच वर्षांत ती इंग्लंडच्या शिबिरांना जात होती आणि परत वसतिगृहात येत होती. एका देशाची नियमित आंतरराष्ट्रीय खेळाडू अशी राहू शकते, याचा अर्थ त्या खेळात पोट भरण्यापुरतेही पैसे नव्हते, असाच होतो. तिला सावरले ते इंग्लंडच्या प्रशिक्षक होप पॉवेल आणि एव्हर्टनच्या मो मार्ली यांनी, म्हणजे व्यवस्थेने नव्हे, तर दोन व्यक्तींनी. ही हकीकत तिने जाहीरपणे सांगितली २०१४मध्ये, तीसाव्या वर्षी. तोपर्यंत तिचे कौतुक किंवा टीका जी व्हायची ती खेळावरूनच होत होती, त्यामुळे सहानुभूतीने तिला मोठे केले हा आक्षेपही टिकत नाही.

नागपूरकर :

एक छोटी भर. विल्यम्सने पुढे बेघर खेळाडूंसाठी काम करणाऱ्या होमलेस एफए या संस्थेसोबत प्रशिक्षक म्हणून काम केले. आमच्याकडे विजय बारसे यांच्या स्लम सॉकर या झोपडपट्टीतल्या मुलांसाठीच्या फुटबॉल संस्थेची मुलेमुली ज्या होमलेस वर्ल्ड कपला जातात, त्याच चळवळीचा हा भाग आहे. तिची ती ओळख पुसून टाकावी असे मला मुळीच वाटत नाही. नागपुरातल्या एखाद्या मुलीला १७२ या आकड्यापेक्षा तीच अधिक जवळची वाटेल.

आकडेमोड :

रात्रपाळी यांनी दिलेली पार्श्वभूमी मला मान्य आहे आणि तिच्याविषयी आदरही आहे. परंतु अडचणींतून वर येणे हा गुणगौरवाचा निकष असू शकतो, ‘सर्वश्रेष्ठ मिडफिल्डर’ ठरवण्याचा नव्हे. धाग्यातला प्रश्न दुसरा आहे. २०१७च्या युरोमधला नेदरलँड्सविरुद्धचा उपांत्य सामना आठवा. जिल स्कॉट निलंबित होती, म्हणून विल्यम्सला सुरुवातीपासून खेळवले. यजमानांचा दुसरा गोल तिने डोक्याने मागे ढकललेल्या फसव्या चेंडूवर व्हान डे डोंकने केला आणि इंग्लंड ०-३ असे हरले. सामन्यांची संख्या वाढत गेली, तेव्हा खेळ ओसरत चालला होता, हे त्या संध्याकाळी स्पष्ट दिसले.

मध्यरेषा :

त्या चुकीचा बचाव मी करणार नाही. मात्र ३३ वर्षांच्या खेळाडूच्या एका वाईट संध्याकाळीवरून उरलेल्या सोळा वर्षांचे माप काढायचे असेल, तर कोणाचीच कारकीर्द उभी राहणार नाही. केली स्मिथचीही नाही. पेनल्टीविषयी एवढेच म्हणेन की, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पिछाडीवर असताना चेंडू हातात घेऊन जागेवर ठेवायला संघात जी खेळाडू पुढे येते, तिच्यावरचा सहकाऱ्यांचा विश्वास हाही मिडफिल्डरच्या कामाचाच भाग आहे. शिवाय पुढे २०१९मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराचे निदान झाल्यावरही ती रेडिंगकडून खेळत राहिली आणि २०२१मध्येच थांबली. खेळ संपलेल्या खेळाडूला कोणताही क्लब एवढी वर्षे ठेवून घेत नाही.

रात्रपाळी यांचा मुद्दा मी अर्धाच स्वीकारते. परिस्थिती सांगावी, जरूर सांगावी. परंतु तिच्यावर लिहिलेल्या दहा लेखांपैकी नऊ वसतिगृहापाशी सुरू होऊन तिथेच संपत असतील, तर लिव्हरपूलची दोन विजेतेपदे वाचकापर्यंत पोहोचणार कधी?

राहिला दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांचा आक्षेप. हाच निकष आकडेमोड यांनी वॉल्शलाही लावावा. तिचे पदार्पण नोव्हेंबर २०१७मध्ये कझाकस्तानविरुद्धच्या पात्रता सामन्यात झाले, आणि तिला ती संधी दिली हंगामी प्रशिक्षक मो मार्ली यांनीच. त्या पिढीच्या संघाने २०२१मध्ये लॅटव्हियाला २०-० हरवले. माँटेनेग्रोविरुद्धचा सामना विल्यम्सच्या बेरजेतून वजा करायचा असेल, तर लॅटव्हियाविरुद्धचा वॉल्शच्या पिढीच्या खात्यात कसा धरायचा, हे आपण अजून सांगितलेले नाही.