एका अपॉस्ट्रॉफीनं ऑर्डर अडली, यात घाबरण्यासारखं काही आहे का?

पायताणवाला (कोल्हापूर):

नमस्कार मंडळी. आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं तेव्हा व्हिडिओ बघून बघून पीएचपी शिकलो आणि दुकानाची वेबसाइट केली. महिन्याला पंचवीस-तीस ऑर्डरी येतात, वडील खूश आहेत.

परवा आजऱ्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन. "चार वेळा ऑर्डर टाकली, दरवेळी पांढरं पान येतंय आणि इंग्रजीत कायतरी लिहून येतंय." मी इथून टाकली तर सरळ गेली. तासभर डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. त्यांचं आडनाव डिसोझा, आणि इंग्रजीत लिहिताना डी नंतर वर ती एकेरी खूण (', म्हणजे अपॉस्ट्रॉफी) येते. ती काढली की ऑर्डर जाते. ठेवली की 'एसक्यूएलच्या (डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या) वाक्यरचनेत चूक'.

मी फॉर्ममधलं नाव डॉट देऊन सरळ क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमात, चिकटवतो. मित्र म्हणाला, हे एसक्यूएल इंजेक्शन, उद्या कोणीतरी अख्खा डेटाबेस नेईल. मला काय पटेना. चपलाच्या दुकानावर कोण हॅकर यायला बसलाय? शिवाय फॉर्मला जावास्क्रिप्टची तपासणी आहे, साइज ड्रॉपडाउनमधनं येते, किंमत लपवलेल्या फील्डमधनं जाते. कागदावर पाऊल ठेवून काढलेल्या मापाचा फोटो अपलोड करायची सोय आहे, तिथंही फक्त फोटोच चालतो.

तर प्रश्न साधा आहे. ही खूणच बंद करून टाकू का?

झटपट_उपाय:

कर की बंद. नावात फक्त ए ते झेड आणि स्पेस चालू दे. एका ओळीचं काम, एवढा विचार कशाला?

लेथमास्तर (उद्यमनगर):

भावा, वरच्याचं ऐकू नकोस. उद्यमनगरात जॉबवर्कच्या हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहीत मी पंधरा वर्षं काढली. तुझ्यासारखी चिकटवाचिकटवी मीही भरपूर केलीय, म्हणून बोलतोय.

समज, तू कारागिराला (म्हणजे डेटाबेसला) चिठ्ठी (म्हणजे क्वेरी) पाठवतोस: "'अमुक' या नावानं जोड बांधा." त्या 'अमुक'च्या जागी गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं लिहितं. डिसोझांनी आपलं खरं नाव लिहिलं, अवतरण मध्येच मिटलं, आणि कारागीर चिठ्ठी हातात धरून बसला. आता दुसरा कोणी लिहील: "पाटील' या नावानं जोड बांधा आणि गल्ला समोरच्याच्या हातात द्या." कारागीर तेही करणार. तुझं अक्षर कुठं संपलं आणि गिऱ्हाइकाचं कुठं सुरू झालं, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

म्हणून खुणेवर बंदी घालू नकोस, चिठ्ठ्या दोन कर. पीएचपीतली डेटाबेसशी जोडणारी पीडीओ ही सोय आहे, तिचं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापर. क्वेरीत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि नाव एक्झिक्यूटमध्ये वेगळं. मग त्यात कोणी काहीही लिहू दे, डेटाबेस ते नाव म्हणूनच घेतो. एक मेख आहे. 'किंमत कमी ते जास्त' अशी सॉर्टिंगची सोय असेल तर कॉलमचं नाव असं प्रश्नचिन्हानं देता येत नाही. तिथं चालणाऱ्या तीन-चार नावांची यादी कोडमध्येच ठेव आणि आलेलं नाव यादीत असलं तरच पुढं जा. हे लई जण विसरतात.

'कोण हॅकर येतोय' म्हणतोस ना? सर्व्हरचा ॲक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंदवही, उघड. तुझ्याकडं वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) नसतानाही वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणाऱ्या विनंत्या सापडतील. कोणी तुझं दुकान निवडून येत नाही, बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, रस्त्यावरच्या प्रत्येक दाराची कडी हलवत जातात. हा एसक्यूएल इंजेक्शनचा प्रकार १९९८ पासून उघड छापून आलाय. तरी २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या टेलिफोन कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच वाटेनं गेली, आणि कंपनीला ४ लाख पौंड दंड बसला. भोक होतं जुन्या, विसरलेल्या पानांत.

आता किंमत. लपवलेलं फील्ड म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात पेन्सिल देऊन "किंमत तूच लिही, फक्त मला दिसू देऊ नकोस" म्हणणं. ब्राउझर त्याच्या घरात आहे, एफ-१२ दाबलं की १८०० चे १८ होतात. जावास्क्रिप्टची तपासणीही तिथंच. ती चुकून चुकणाऱ्यांसाठी ठेव, मुद्दाम चुकवणाऱ्याला ती लागतच नाही. सर्व्हरवर फक्त चपलेचा क्रमांक घे, भाव आपल्या टेबलातनं काढ.

आणि नगावर मर्यादा घाल. माझ्या हातनं झालेलं सांगतो. एका गूळ व्यापाऱ्याची साइट केली होती. भाव टेबलातनंच घेतला होता, म्हणून निर्धास्त होतो. एकानं गुळाचे दहा रवे घेतले आणि काकवीच्या बाटल्या घेतल्या उणे सहा! बिल झालं चाळीस रुपये. मालकांचा फोन आला, "मास्तर, गूळ विकायलोय का वाटायलोय?" अजून भेटले की हेच विचारतात.

पायाच्या मापाच्या फोटोची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. 'फोटोच चालतो' हे तू कशावरनं ठरवतोस? ब्राउझरनं सांगितलेल्या प्रकारावरनं असेल, तर तेही पाठवणाराच लिहितो. फोटोच्या नावाखाली पीएचपीची फाइल (सर्व्हर चालवतो असा प्रोग्राम) आली, तुझ्या अपलोडच्या फोल्डरात बसली, आणि त्यानं तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की तुझा सर्व्हर त्याचा झाला. फाइलला नाव आणि एक्स्टेन्शन तू दे. आलेला फोटो पीएचपीतल्या जीडी या चित्रांच्या सोयीनं उघडून नव्यानं जेपेग म्हणून सेव्ह कर, जो उघडतच नाही तो टाकून दे. आणि ते फोल्डर वेबच्या बाहेर, ब्राउझरमधनं पत्ता टाकून उघडता येणार नाही अशा जागी ठेव.

शेवटचं. ऑर्डरीच्या 'सूचना' रकान्यात कोणी स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) लिहिली तर ती चालेल तुझ्या ॲडमिन पानावर, तू लॉगिन असताना. ४ ऑक्टोबर २००५ ला मायस्पेस या सोशल नेटवर्कवर एका पोरानं आपल्या प्रोफाइलमध्ये असाच कोड घातला, २० तासांत दहा लाखांवर प्रोफाइलांत पसरला. पानावर छापताना प्रत्येक ठिकाणी पीएचपीचं एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स हे फंक्शन लाव, म्हणजे कोड चालत नाही, नुसता मजकूर म्हणून दिसतो. छापताना, साठवताना नव्हे.

घनसाळ (आजरा):

मास्तरांच्या शेवटच्या वाक्यासाठी खास लॉगिन केलं. मीही डिसोझाच, पण तो चार वेळा ऑर्डर टाकणारा नव्हे. आमच्याकडं आजरा-गडहिंग्लज पट्ट्यात डिसोझा काय कमी नाहीत. निम्म्या साइट म्हणतात 'नाव अवैध'. घ्या, बाप्तिस्म्यापासूनचं नाव अवैध. उरलेल्या साठवतानाच त्या खुणेची मोडतोड करतात. एकदा पार्सलवर माझं आडनाव 'डी&#०३९;सोझा' असं छापून आलं. कुरिअरचा पोरगा म्हणाला, "सर, तुमचा पासवर्ड नावात आलाय."

पायताणवाला:

मास्तर, दोन रात्री बसलो. चिकटवलेल्या क्वेरी एकोणीस निघाल्या, सगळ्या बदलल्या. लॉगही बघितला, वर्डप्रेसच्या लॉगिनसाठी एका दिवसात शेकड्यानं ठोठावणी. आजऱ्याच्या साहेबांना फोन करून खुणेसकट ऑर्डर टाकायला लावली. गेली.

पण आता दोन नवीन भानगडी. एका आजोबांनी नगाच्या रकान्यात मराठी कीबोर्डवरनं '२' टाकला, माझ्या कोडमधल्या इंटव्हॅलनं (मजकुरातनं पूर्णांक काढणारं पीएचपीचं फंक्शन) त्याचा शून्य केला आणि बिल आलं शून्य रुपये. दुसरी, नावासाठी 'फक्त युनिकोड (सगळ्या लिप्यांची संगणकातली यादी) अक्षरं' असा नियम लावला, तर 'कोल्हापूर' हा शब्दसुद्धा नापास होतोय.

लेथमास्तर (उद्यमनगर):

आजोबांचा दोष नाही. इंटव्हॅलला देवनागरी आकडे कळत नाहीत, आणि न कळलेल्याचा तो गुपचूप शून्य करतो. आधी ० ते ९ हे आपले आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घे, मग पीएचपीच्या फिल्टर-व्हार या तपासणीच्या फंक्शननं पूर्णांक तपास, किमान १, कमाल तुला झेपेल तेवढे. बसत नसेल तर ऑर्डर अडव आणि कारण मराठीत दाखव.

नावाचं असं आहे, काना-मात्रा-वेलांटी आणि पाय मोडायची खूण यांना युनिकोड अक्षर म्हणत नाही, त्यांचा वर्ग 'मार्क' हा वेगळा. दोन्ही वर्ग चालू दे. तरी 'कऱ्हाडकर' अडकू शकतात. तो अर्धा र काही कीबोर्ड न दिसणारा जोडवर्ण घालून लिहितात, आणि तो या दोन्हींत बसत नाही. मी तर नावावर नियमच लावत नाही. लांबी तपासतो, रिकामं नाही ना बघतो. क्वेरीची काळजी प्रिपेअर्ड स्टेटमेंट घेतं, पानाची काळजी छापताना घेतो. नाव काय ठेवायचं ते त्यांच्या आईबापांनी ठरवलंय.

फोटोचं फोल्डर हलवलंस का? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

पायताणवाला:

आज रात्री हलवतो.

लेथमास्तर (उद्यमनगर):

रात्री नको, आत्ता. तोवर अपलोडचं बटण काढून ठेव, मापं व्हॉट्सॲपवर मागव.