बोका पेवात पडतो, पण पोरं हसत नाहीत

हळद्याबोका (सांगली):
दीड मिनिटाची कार्टून फिल्म करतोय. क्रिता या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेकंदाला 24 फ्रेम (चित्रं). जागा हरिपूर, हळदीचं पेव (हळद साठवायचा जमिनीखालचा खोल खड्डा). बोका झोपलेला, उंदीर त्याच्या शेपटीवर वरवंटा टाकतो, बोका उडून पेवात पडतो. कच्चा कट पाचवीच्या पोरांना दाखवला. वरवंटा पडला तसं "आई गं!", आणि बोका पेवात गेला तेव्हा सगळी गप्प. टॉम अँड जेरीत याच्या दसपट हाणामारी असते आणि हीच पोरं लोळून हसतात. मार कमी करू का?
सध्याचे आकडे: वरवंटा उचलणं 4 फ्रेम, पडणं 6, बोक्याचा कळवळलेला चेहरा 30, पेवात पडणं 40.

फ्रेममोज्या:
मार आहे तेवढा ठेवा, आकडे उलटे करा. उचलायला 4 फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. काय होणार हे पोरांना कळायच्या आत दणका बसतो, मग ती दचकणारच. उचलायला 20 द्या. उंदराचे गुडघे लटपटू देत, वरवंटा एकदा मागे कलू दे. पडायला 2 पुरेत. वरवंटा शेपटीला टेकतानाचं चित्र काढूच नका: एका चित्रात तो हवेत, पुढच्यात शेपटीचा पापड. पापड तिप्पट रुंद झाला तर जाडी तिसऱ्या हिश्श्यावर आणा. नुसती चपटी केलीत तर शेपूट मोडल्यासारखी वाटते.

यानंतर 10 फ्रेम काहीच नको. बोका तसाच झोपेत मिशा हलवतोय. हसू इथे फुटतं. मग किंचाळी. कळवळलेला चेहरा सव्वा सेकंद धरलात तर ती खरी वेदना होते. 6-8 फ्रेममध्ये उरका. आणि शेपूट पडद्यावरच "फट्" करून पुन्हा गोल झाली पाहिजे. हे राहिलं तर बाकी सगळं फुकट.

पडण्याचा हिशेब 'रोड रनर' कार्टून करणाऱ्या चक जोन्सच्या, कड्यावरून पडणाऱ्या कोल्ह्याचा घ्या (तो खरं तर कायोटी): दिसेनासा व्हायला 18 फ्रेम, मग 14 फ्रेम सामसूम, मग खाली धुळीचा एवढासा ढग. त्याआधी तो हवेत थांबून आपल्याकडे बघतो, तेवढी उसंत बोक्यालाही द्या.

कृष्णाकाठचा:
आकडे बरोबर आहेत, पण मूळ गोची वेगळी आहे. बोका झोपलाय! त्याने काय घोडं मारलंय? टॉम अँड जेरी ज्यांनी निर्माण केले त्या हॅना-बार्बेरा जोडीच्या 1940 ते 1958 च्या भागांत बहुतेक वेळा कुरापत टॉमच काढतो, म्हणून मार पचतो. 1961-62 मध्ये जीन डाइचने प्रागमध्ये 13 भाग केले, त्यातल्या काहींत एक तापट मालक टॉमला बदडतो. तिथे हसू येत नाही, कारण माणूस मुक्या जनावरावर राग काढताना दिसतो. उलट 1956 च्या 'ब्लू कॅट ब्लूज'मध्ये मार फारसा नाहीच, तरी शेवटी दोघं रुळावर बसतात आणि गाडीची शिट्टी ऐकू येते. तिथून पुन्हा उठून उभं राहणं नाही, म्हणून तो भाग अंगावर येतो.
आधी बोक्याला उंदराची भाकरी पळवू दे. पाच सेकंदांचं काम.

पेववाला (हरिपूर):
पेव काढाच. बंद पेव उघडलं की आत प्राणवायू कमी असतो. म्हणून काही वेळ तोंड उघडं ठेवतात, पेटता कंदील सोडून बघतात, मगच माणूस उतरतो. ज्या गावात पेवं आहेत तिथल्या पोरांना पेवात उडी हा विनोद दाखवू नका. वरून ऐरण पडते हे कुणी करून बघत नाही. पेव, विजेचा प्लग, गळ्यातली दोरी हे बघतात.
दुसरं, पेवात हळकुंडं असतात, पूड नाही. ढग कशाचा उडवणार? सांगलीकर पहिल्याच शोला चूक काढेल.

हळद्याबोका:
मग हळदीची गिरणी घेतो. बोका उंच थप्पीवरून खाली पुडीच्या उघड्या पोत्यात, आणि पिवळाधमक होऊन बाहेर.

फ्रेममोज्या:
हे झकास. जुन्या भागांत स्फोटानंतर तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची नक्कल करायचे, टीव्हीवर पुढे ती दृश्यं कापली गेली. पिवळ्याला ती भानगड नाही.
आवाजाचं बघा. ठोका चित्राच्या आधी वाजला तर लगेच खटकतो, एखादी फ्रेम मागे चालतो. वरवंट्याला खरा दगडी आवाज लावू नका, तबल्याचा बायाँ लावून बघा. किंचाळी मात्र माणसाचीच हवी. टॉमची किंचाळी खुद्द विल्यम हॅनाने दिलेली आहे. पोत्यात पडल्यावर 14 फ्रेम सामसूम, आणि मग एकच शिंक.