इमर्जन्सी किट: सुरुवात कुठून करायची? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

सी-१०४: नमस्कार मंडळी. घरी इमर्जन्सी किट करायचं मनात आहे. नेटवर बघितलं तर वॉटर फिल्टरपासून बंदुकीपर्यंत लांबलचक याद्या. काहीच नसलेल्या माणसाने आधी काय घ्यावं?

ए-५०१: हे घे. पुतण्याने पाठवलंय. कुऱ्हाड, दोरखंड, गॅस मास्क, एअरगन, फिल्टर स्ट्रॉ. सगळं आलं यात.

बी-३०२: काका, यात पाणी कुठे आहे?

ए-५०१: फिल्टर स्ट्रॉ आहे की!

बी-३०२: तो पाणी गाळेल, पण नळच कोरडा असला तर गाळणार काय? आधी साठा. माणशी रोज साधारण ४ लिटर धरा. निम्मं प्यायला, उरलेलं स्वयंपाकाला आणि हात-तोंड धुवायला. चार माणसं, तीन दिवस म्हणजे ४८ लिटर. दोन आठवड्यांचं जमलं तर उत्तम. एकच मोठं पिंप नको. २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो, तो जिन्याने वर कोण नेणार? १०-१० चे घ्या. आणि आधी केमिकल भरलेला कॅन धुऊन वापरायचा विचारही नको.

डी-४०१: आमच्याकडे आरओ आहे, ते चालेल ना?

बी-३०२: लाइट गेली की आरओ आणि यूव्ही दोन्ही बंद. पंप थांबला, वरची टाकी संपली की आरओला पाणीच नाही.

सी-१०४: मग फिल्टर घ्यायचाच नाही का?

बी-३०२: घ्यायचा, पण त्याला काय जमतं ते कळून. ट्रेकवाले वापरतात ते ०.१ मायक्रॉन छिद्रांचे फिल्टर बॅक्टेरिया अडवतात, जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) हे जुलाब करणारे परजीवीही अडवतात. हिपॅटायटिस ए-चा व्हायरस त्याहून बारीक, तो आरपार जातो. क्लोरिनचं उलटं. व्हायरस, बॅक्टेरिया मरतात, पण क्रिप्टो त्याला दाद देत नाही. म्हणून आधी गाळायचं, मग क्लोरिनची गोळी, आणि पाकिटावर लिहिलेला वेळ थांबायचं. तहान लागली म्हणून पाच मिनिटांत पिऊन टाकलं तर गोळी फुकट गेली.
उकळलं तर तिन्ही मरतात. खदखदून उकळी आल्यावर १ मिनिट, २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं. फक्त इंधन जातं. आणि पाण्यात डिझेल किंवा कीटकनाशक मिसळलं असेल तर उकळून काहीही होत नाही, ते पाणी सोडूनच द्यायचं.
अजून एक. एकदा वापरलेला ओला फिल्टर गोठू द्यायचा नाही. आतले तंतू तडकतात आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

ए-२०३: औषधांचं मी सांगते, हॉस्पिटलमधलीच आहे. रोजच्या गोळ्या निदान आठवडाभराच्या जास्तीच्या ठेवा, आणि नावं-डोस कागदावर लिहा, फोनमध्ये नको. ओआरएसची पाकिटं ठेवाच. संपली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने टाकायचं नाही.
रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा. दर मिनिटाला उचलून बघायची सवय वाईट. टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला करकचून आवळायचा पट्टा, घेणार असाल तर आधी कोणाकडून तरी शिकून घ्या. हातापायालाच, जखमेच्या वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहायची.

ए-५०१: उजेडासाठी मेणबत्त्या आहेत माझ्याकडे भरपूर.

डी-४०१: काका, भूकंप झाला किंवा गॅस लीक असला तर काडी ओढणार? डोक्याला लावायचा टॉर्च घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये घालून ठेवू नका, गळतात. सोबत बॅटरीवरचा रेडिओ. टॉवर बंद पडले की फोन फक्त घड्याळ उरतो.

सी-१०४: पॉवर बँक २०,००० एमएएचची आहे. ५,००० चा फोन चार वेळा होईल ना?

डी-४०१: तीनदा धरून चाला. मधे बरीच ऊर्जा वाया जाते. आणि दोन-तीन महिन्यांनी चार्ज करत जा, नुसती ठेवली तरी उतरते.

ए-२०३: जनरेटर कोणी आणणार असेल तर बाल्कनीतही लावायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत माणसं जातात. दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब. कोळशाची शेगडी घरात पेटवणंही तितकंच वाईट. आणि एन-९५ मास्क धुळीला, धुराच्या कणांना ठीक, वायू त्यातून सरळ आत येतो.

ए-५०१: हे सगळं मान्य. पण लूटमार सुरू झाली तर? लायसन्स काढून एक रिव्हॉल्व्हर घ्यावं म्हणतो.

डी-४०१: काका, मी फौजेत होतो म्हणून बोलतो. कायदा जिथे जो असेल तो, पण त्याच्या पुढचं ऐका. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरायचं. नळी कोणाकडे वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर नको. निशाण्याच्या मागे काय आहे ते माहीत हवं. तुमच्या पार्टिशनमागे नातवंडं झोपतात, गोळी त्यातून आरपार जाते. शिवाय ठेवायचं रिकामं, कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. मग अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत ते बाहेर काढून भरायचं. नियमित सराव नसेल तर जमत नाही.

बी-३०२: १९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. घरात बंदूक असलेल्यांना घरातच खून होण्याचा धोका २.७ पट दिसला.

ए-५०१: ते अमेरिकेतलं.

बी-३०२: अमेरिकेतलंच, आणि त्यावर वादही खूप झाले. बंदुकीमुळेच झालं असं त्याने सिद्ध होत नाही. पण घर सुरक्षित झालं, असं तर त्यातून नक्कीच दिसत नाही.

डी-४०१: त्यापेक्षा दाराला साखळी, मजबूत कडी आणि एबीसी पावडरचा अग्निशामक. चोर येईल न येईल, स्वयंपाकघर रोज पेटतं. त्याच्या दाबाचा काटा हिरव्यात आहे ना, ते महिन्यातून एकदा बघा. एअरगन यादीतून काढाच. समोरच्याला खरी वाटली तर तो खरी चालवेल.

ए-५०१: बरं बाबांनो. काढली.

सचिव: चर्चा छान चालली आहे. रविवारी सकाळी तासभर मेन स्विच बंद ठेवू. प्रत्येकाने आपापलं किट काढून वापरून बघायचं. टाकीचा व्हॉल्व्ह हाताने कसा फिरवायचा तेही दाखवतो.

ए-५०१: लिफ्ट तेवढी चालू ठेवाल ना?

सचिव: नाही काका. पाचव्या मजल्यावर पाणी कसं चढतं, तेच तर बघायचंय.