नवीन टीव्ही, बोलका स्पीकर आणि बाबांचा गीझर : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

सी-५०३ : नमस्कार. दसऱ्याला घरात नवीन टीव्ही, बोलका स्पीकर आणि फोनवरून चालू-बंद होणारे स्मार्ट प्लग आलेत. टीव्ही हॉलमध्ये छान चालतोय. सासऱ्यांच्या खोलीतला स्पीकर मात्र मध्येच गप्प होतो, आणि प्लग तर वायफायला जोडलेच जात नाहीत. ॲपवर नुसतं गोल फिरत राहतं. कुणाकडे लावलेत का असे?

ए-१०२ : ताई, राउटर कुठे आहे?

सी-५०३ : टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात. फायबर जोडायला आलेल्या मुलाने तिथेच ठेवून दिला.

बी-३०२ : आधी तिथून बाहेर काढा. वायर जिथून घरात शिरते तिथेच राउटर ठेवून जातात, कारण केबल कमी लागते. तुमची आतली खोली दोन भिंतींपलीकडे आहे, त्यात पॅसेजला लोखंडी कपाट. राउटर घराच्या मध्याकडे, उघड्यावर आणि जरा उंच हवा. कपाट, आरसा, फ्रीज यांच्या आड नको. मायक्रोवेव्हशेजारी तर अजिबात नको, तोही वायफायसारखाच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतो.

आता प्लगचं. हल्लीचे बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन वायफाय सोडतात. ५ वेगवान, पण भिंती आल्या की लवकर संपतो. २.४ चा वेग कमी, पण लांब पोचतो. बहुतेक स्मार्ट प्लग आणि बल्ब फक्त २.४ वर चालतात. दोन्हींचं नाव एकच असलं की फोन ५ वर असतो आणि जोडणी अडकते. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या, फोन तेवढ्यापुरता त्यावर घ्या, मग प्लग जोडा. टीव्ही ५ वरच राहू दे, त्याला वेग लागतो.

सी-५०३ : हे कुणी सांगितलंच नव्हतं. आज संध्याकाळी करते.

डी-४०१ : प्लगवर काय लावणार आहात?

सी-५०३ : एक गीझरला, काका. बाबा पहाटे पाचला उठतात, त्यांना अंधारात बटण शोधायला नको.

डी-४०१ : मग आधी प्लगवर किती अँपिअर लिहिलंय ते बघा. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढतो. ३००० वॅटचा असेल तर १३. सहा किंवा दहा अँपिअरचा प्लग असेल तर लावू नका, तापून वितळू शकतो. जाड पिनांचा १६ अँपिअरचाच घ्या, आणि तो बाथरूमच्या बाहेरच्या सॉकेटवर, वाफेपासून लांब. वेळ साडेचार ते पाच लावून ठेवा. आंघोळीला जाताना गीझर बंद झालेला बरा. माझी सगळी नोकरी विजेच्या कामात गेली, म्हणून आग्रहाने सांगतोय.

सी-५०३ : आमचा १० लिहिलेला आहे. तो दिव्याला वापरते, गीझरला नवीन आणते.

ए-६०४ : बल्ब घेणार असाल तर माझं ऐका. आमच्याकडे आई सवयीने भिंतीवरचं बटण बंद करते, ते बरोबरही आहे, जन्मभर तेच केलंय. पण बटण बंद झालं की स्मार्ट बल्बला वीजच नाही, मग स्पीकरला कितीही सांगा. शेवटी बल्ब टेबललॅम्पमध्ये टाकला आणि बोर्डाच्या मागे बसतो तो छोटा स्मार्ट स्विच लावून घेतला. आता बटणानेही दिवा लागतो आणि बोलूनही. त्याला बोर्डात न्यूट्रल वायर लागते. बोर्डावर सॉकेट असेल तर ती तिथे असतेच. काम वायरमनकडूनच करून घ्या.

बी-३०२ : हे शंभर टक्के. घरात ज्याला बटणाची सवय आहे, त्याचं बटण राहिलंच पाहिजे. नाहीतर नव्या वस्तूमुळे म्हातारी माणसं स्वतःच्याच घरात दुसऱ्यावर अवलंबून होतात.

डी-२०३ : स्पीकरशी मराठीत बोलता येतं का? आमचा हिंदी आणि इंग्रजीच घेतो.

ए-१०२ : आमचाही. पण आजी "हरिपाठ लगाओ" म्हणते आणि लागतो. सकाळी भूपाळी, संध्याकाळी हरिपाठ, स्वयंपाकघरात तेवढाच आवाज असतो. मराठीसाठी फोन बरा. कळफलकावर माइकचं चित्र असतं, भाषा मराठी निवडली की बोललेलं देवनागरीत उमटतं. गूगलच्या कळफलकात हे २०१७ पासून आहे. आजोबांना बारीक अक्षरं टाइप करता येत नाहीत, आता ते सांगलीच्या भावाला बोलून लांबलचक निरोप पाठवतात. घरातली सगळ्यात आवडती सोय तीच.

सी-५०३ : हे बाबांना आजच दाखवते!!

बी-१०१ : वीज गेली की वायफाय जातं, त्याचं काय? मुलीची ऑनलाइन शिकवणी असते.

डी-४०१ : राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, म्हणजे वीज गेल्यावर चालणारी बॅटरी. अडॅप्टरवरचे व्होल्ट बघून घ्या, बहुतेकांचे १२ असतात, आणि यूपीएसचे अँपिअर अडॅप्टरइतके किंवा जास्त हवेत. फायबरची वायर ज्यात येते तो डबा राउटरपासून वेगळा असेल तर तोही त्यावरच हवा, नुसता राउटर चालू राहून नेट येत नाही.

ए-६०४ : दाराबाहेर कॅमेरा लावणाऱ्यांना एक विनंती. पेटीतून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि कॅमेरा समोरच्यांच्या उघड्या दारातून आत बघणार नाही असा वळवा.

सी-५०३ : राउटर पॅसेजच्या फळीवर नेला. प्लग लगेच जोडले गेले, स्पीकरही गप्प होत नाही. मनापासून आभार सगळ्यांचे. आता एक शेवटचं : बीएलडीसी पंखा, म्हणजे तो कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्यावा का?

डी-४०१ : जरूर. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा पूर्ण वेगात ३० च्या आसपास. फक्त जुना रेग्युलेटर काढून थेट बटण द्या, रेग्युलेटरवर तो नीट चालत नाही. वेग रिमोटने बदलतो, तेव्हा बाबांसाठी पलंगाजवळ रिमोट अडकवायची खुंटी करा.

ए-६०४ : शनिवारी आमच्याकडे वायरमन येतोय. कुणाला काम असेल तर इथेच लिहा.

सी-५०३ : आमचं गीझरचं सॉकेट आणि पंखा.

बी-१०१ : आमचा हॉलचा बोर्ड. दुपारी चारनंतर आला तर बरं.