सी++ क्रॅश झाला की लॉगमधे नुसते हेक्स पत्ते, फंक्शनची नावं कशी काढायची?

पलासिया_कोडर, इंदूर:
मंडळी, पिथमपूरच्या एका कारखान्यात आपला सी++ प्रोग्राम लिनक्सवर चालतो, अधूनमधून रात्रपाळीत सेगफॉल्ट (मेमरीत नको तिथे हात घातल्याची एरर) खाऊन आडवा होतो. सिग्नल हँडलरमधे, म्हणजे क्रॅश होताच चालणाऱ्या फंक्शनमधे, कॉलची साखळी मजकुरात देणारं बॅकट्रेस_सिंबॉल्स लावलंय पण लॉगमधे काय, तर प्रोग्रामचं नाव, कंसात प्लस काहीतरी, नि पुढे चौकटी कंसात लांबलचक हेक्स, बस. तिथे जीडीबी (डीबगर) टाकू देत नाहीत. लाइन नंबर मिळेल का?

सेगफॉल्टराव:
चौकटी कंसातला पत्ता सोड भिया, बायनरी दर वेळी मेमरीत वेगळ्याच जागी लोड होते त्यामुळे तो बदलतच राहणार. साध्या कंसातला प्लसनंतरचा आकडा घे आणि आपल्या मशीनवर डॅश जी (डीबग माहितीचा फ्लॅग) लावून केलेल्या बिल्डवर ॲडर-टू-लाइन, म्हणजे पत्त्यावरून फंक्शन नि लाइन सांगणारं टूल, चालव, सोबत डॅश एफ, कॅपिटल सी आणि आय. आय विसरलास तर इनलाइन झालेली (कंपायलरने कॉलच्या जागीच चिकटवलेली) फंक्शनं दिसतच नाहीत, मग हे फंक्शन त्याला कॉल करतंच कुठे म्हणून डोकं खाजवत बसशील. आणि कॉल करणाऱ्या फंक्शनांच्या फ्रेम्समधे (लॉगमधल्या ओळींमधे) रिटर्न ॲड्रेस असतो, म्हणजे कॉलच्या पुढची जागा, म्हणून आकड्यातून 1 वजा करून दे नाहीतर कधीकधी पुढचीच लाइन दाखवतं. क्रॅश झाली त्या फ्रेमला वजाबाकी नको.

लष्करवाली, ग्वाल्हेर:
ते सगळं ठीक, पण हँडलरमधे बॅकट्रेस_सिंबॉल्स मुळात नकोच, ते आत मॅलॉक करतं, म्हणजे मेमरी मागतं. क्रॅशच मॅलॉकमधे झाला असेल तर प्रोग्राम मरायच्या ऐवजी लटकून राहील आणि लॉग कोरा. नावाच्या शेवटी एफडी (फाइल डिस्क्रिप्टर) असलेलं त्याचंच व्हर्जन वापरा, ते थेट फाइलमधे लिहितं. शिवाय मेन सुरू होताच बॅकट्रेस एकदा उगाच कॉल करून ठेवा, पहिल्या कॉलला ते लायब्ररी लोड करतं.

पोहे_विथ_सेव:
सी++23 मधे स्टॅकट्रेस हेडरच आलंय की, जीसीसी 12 पासून आहे, वेगळी लायब्ररी लिंक करावी लागते तेवढीच.

लष्करवाली, ग्वाल्हेर:
एक्सेप्शनसाठी छान आहे, सिग्नल हँडलरमधे तेही मेमरी मागणारच.

पलासिया_कोडर, इंदूर:
भारी! पण तिथली बायनरी डॅश जी शिवायची आहे, कालचा क्रॅश गेला का मग?

सेगफॉल्टराव:
नाही गेला. तोच कमिट, तोच कंपायलर, तेच फ्लॅग्स, वर फक्त डॅश जी लावून परत बिल्ड कर. त्याने कोड बदलत नाही, पत्ते जुळतील. लॉगमधेच फंक्शनची नावं यावीत म्हणून लावतात तो आरडायनॅमिक फ्लॅग मात्र आत्ता घालू नकोस, त्याने सिंबॉल टेबल फुगतं नि पत्ते सरकतात, ते पुढच्या रिलीजला घाल.