एकाच फेम्टोसेकंद लेसरवर टू-फोटॉन इमेजिंग आणि स्टील फॉइलची भोकं: जमेल का?

संत्रानगरी_लॅब

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत टायटेनियम-सफायर ऑसिलेटर (अतिआखूड पल्स देणारा लेसर) आहे: ८०० नॅनोमीटर, ८० मेगाहर्ट्झ, सरासरी १ वॅट, पल्सची रुंदी लेसरच्या तोंडाशी १०० फेम्टोसेकंद. पुढे फॅराडे आयसोलेटर (परतणारा प्रकाश अडवणारा), टेल्युरियम डायऑक्साइडचा अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर (किरण झटपट कमी-जास्त किंवा बंद करणारा), गॅल्व्हो स्कॅनर (किरण फिरवणारे आरसे) आणि २० पटीचा, १.० एनएचा (एनए म्हणजे प्रकाश गोळा करण्याची क्षमता) वॉटर इमर्शन ऑब्जेक्टिव्ह. नमुने दोन: संत्र्याच्या पानाचे ताजे काप आणि कापसाचा तंतू.

नमुन्यावर १० ते १५ मिलिवॅट ठेवले तर टू-फोटॉन चित्र (दोन फोटॉन एकदम शोषून चमकणाऱ्या भागाचं) अंधुक येतं. ४० च्या पुढे नेलं की पानाच्या कापात बुडबुडा फुटतो. तंतूचा सेकंड हार्मोनिक सिग्नल (लेसरच्या निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश) तर जेमतेम दिसतो.

दुसरा प्रश्न: याच लेसरने ०.१ मिलिमीटर जाडीच्या ३०४ स्टेनलेस फॉइलला ५० मायक्रॉनची भोकं पाडता येतील का? कडेला वितळलेला धातू चालणार नाही. नाहीतर कुठला लेसर बघावा?

भिंगवाला

आधी सूक्ष्मदर्शकाचं बघू. १ वॅट भागिले ८० मेगाहर्ट्झ, म्हणजे एका पल्समध्ये १२.५ नॅनोज्यूल. १०० फेम्टोसेकंदात ती ऊर्जा आली तर शिखरावर सव्वाशे किलोवॅटच्या आसपास. टू-फोटॉन सिग्नल सरासरी पॉवरच्या वर्गावर चढतो आणि पल्स जितकी रुंद तितका उतरतो. म्हणून तोंडाशी मोजलेले १०० फेम्टोसेकंद इथे कामाचे नाहीत, नमुन्यावर किती पोचतात तेवढंच महत्त्वाचं.

वाटेतली काच मोजा. ८०० नॅनोमीटरला बीके७ काच मिलिमीटरमागे ४५ फेम्टोसेकंद-वर्ग पसरण (काचेतून जाताना पल्स रुंद होण्याचं माप) देते, फ्यूज्ड सिलिका ३६, आणि टेल्युरियम डायऑक्साइड तब्बल ५०० च्या घरात. मॉड्युलेटरचा स्फटिक १५ मिलिमीटरचा असेल तर तिथेच ७,५०० झाले. ऑब्जेक्टिव्ह, आयसोलेटर, ट्यूब लेन्स धरून १०,००० सहज होतात. तेवढ्या पसरणीत १०० ची पल्स २९५ फेम्टोसेकंद होते, म्हणजे तेवढ्याच पॉवरला सिग्नल एक तृतीयांश.

पुष्कळ जण यावर उपाय म्हणून आणखी आखूड पल्सचा लेसर घ्यायला निघतात. पसरण भरून काढली नाही तर ते उलटं पडतं. त्याच १०,००० मधून ५० फेम्टोसेकंदची पल्स साडेपाचशेच्या वर जाते, १५० ची मात्र २४० च्या आतच राहते.

उपाय प्रिझमची जोडी. एसएफ१० काचेची दोन प्रिझम, ब्रूस्टर कोनात, मधलं अंतर अर्धा ते एक मीटर, आणि शेवटच्या आरशावरून किरण थोडा खाली वळवून परत त्याच जोडीतून. ध्रुवीकरण प्रिझमच्या आपातप्रतलातच हवं, नाहीतर प्रत्येक पृष्ठावर प्रकाश वाया जातो. दुसरं प्रिझम मायक्रोमीटर स्टेजवर बसवा. नमुन्यावरची पॉवर एका आकड्यावर धरून ते आतबाहेर करा आणि सिग्नल जिथे सर्वांत वर जातो तिथे थांबा. आतबाहेर करताना दोन्ही बाजूंना शिखर उतरताना दिसलं पाहिजे. एकाच बाजूला चढत राहिलं तर प्रिझममधलं अंतर बदला.

जुळवणीसाठी पान वापरू नका, पान बदलत राहतं. बटाट्याचं स्टार्च पाण्यात कालवून स्लाइडवर ठेवा. स्टार्चचा कण भक्कम सेकंड हार्मोनिक देतो आणि लवकर बिघडत नाही. रुंदी आकड्यातच हवी असेल तर ऑब्जेक्टिव्हच्या फोकसमध्ये गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडचा फोटोडायोड ठेवा. ८०० ला तो दोन फोटॉन मिळूनच प्रतिसाद देतो. आधी मायकेलसनची जोडणी (किरण दोन बाहूंत विभागून पुन्हा एकत्र आणणारी) करून इंटरफेरोमेट्रिक ऑटोकोरिलेशन (पल्सची तिच्याच प्रतीशी तुलना) घ्या. शिखर आणि पाया यांचं गुणोत्तर ८ ला १ येत नसेल तर दोन्ही बाहू नीट जुळलेले नाहीत, त्या आलेखावरून रुंदी काढू नका.

आता पान. तयार संचात बहुधा ५२५ च्या आसपासचा हिरवा फिल्टर असतो आणि क्लोरोफिल चमकतं ६८० ला. म्हणजे जो प्रकाश हवा तोच फिल्टर अडवतो. ६५० ते ७२० जाऊ देणारा आणि ८०० ला किमान ६ ओडीने (म्हणजे दहा लाखातला एकच भाग जाऊ देत) अडवणारा फिल्टर लावा. फोटोमल्टिप्लायरचा कॅथोडही तपासा: गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडचा कॅथोड ७०० च्या पुढे जवळजवळ आंधळा असतो, लाल प्रकाशासाठी मल्टी-अल्कली बरा. डिटेक्टर गॅल्व्होच्या अलीकडे, ऑब्जेक्टिव्हच्या लगेच मागे ठेवा. पानात प्रकाश इतका विखुरतो की स्कॅनरमधून उलटा नेला तर मोठा भाग गळतो.

बुडबुडे चित्राच्या डाव्या-उजव्या कडेला आधी येतात का बघा. गॅल्व्हो वळताना तिथे रेंगाळतो. मॉड्युलेटर तुमच्याकडे आहेच, वळणावर किरण बंद करा.

कापसाचं वेगळं आहे. सेल्युलोजचा सेकंड हार्मोनिक बहुतांशी पुढच्या दिशेने जातो, म्हणून डिटेक्टर नमुन्याच्या खाली, कंडेन्सरच्या मागे हवा. ४०० भोवतीचा अरुंद फिल्टर लावा आणि हाफ-वेव्ह प्लेटने ध्रुवीकरण फिरवा. तंतूच्या दिशेनुसार सिग्नल चढला-उतरला पाहिजे. शंका वाटली तर लेसर ८४० वर न्या. खरा सेकंड हार्मोनिक ४२० वर सरकतो, नमुन्याचा स्वतःचा फ्लुरोसेन्स सरकत नाही.

पल्स_आणि_पत्रा

वरचं सगळं पटलं. मी फॉइलचं बघतो.

१२.५ नॅनोज्यूलने स्टीलला काहीच होत नाही असं नाही. अर्धा मायक्रॉन त्रिज्येच्या फोकसमध्ये १० नॅनोज्यूल कोंबले तर शिखरावरचा फ्लुएन्स (क्षेत्रफळामागची ऊर्जा) अडीच ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर होतो. अनेक पल्स पडल्यावर स्टेनलेसची सीमा (ज्या फ्लुएन्सला धातू उडू लागतो) ०.१ च्या आसपास येते. त्यामुळे ओरखडा उठेल. पण त्या फोकसची खोली एक-दोन मायक्रॉन आणि फॉइल १०० मायक्रॉनची. शिवाय दोन पल्समध्ये जेमतेम १२.५ नॅनोसेकंद. पहिल्या पल्सची उष्णता बाजूला व्हायच्या आत दुसरी पडते, आणि आखूड पल्सचा सगळा फायदा तिथेच संपतो. फोकस मोठा करून १० मायक्रॉन त्रिज्या घेतली तर फ्लुएन्स चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूलवर येतो, सीमेच्या पंधरा-सोळा पट खाली.

तुम्हाला हवा यटर्बियमचा अ‍ॅम्प्लिफायर: १०३० नॅनोमीटर, ३०० फेम्टोसेकंदच्या आसपास, १० ते २० मायक्रोज्यूल, १०० किलोहर्ट्झ. हिशेब असा. १०० मिलिमीटरची एफ-थीटा लेन्स (सपाट पृष्ठावर फोकस करणारी), आत ६ मिलिमीटरचा किरण, एम-वर्ग (किरणाचा दर्जा, आदर्श किरणाला १) १.२, तर स्पॉटची त्रिज्या १३ मायक्रॉन. कमीत कमी ऊर्जेत जास्तीत जास्त धातू निघतो तो सीमेच्या साडेसात पट फ्लुएन्सला, म्हणजे इथे चौरस सेंटिमीटरला ०.७४ ज्यूल. त्यासाठी एका पल्सला फक्त २ मायक्रोज्यूल लागतात. तेव्हा कोरलेला ठिपका २६ मायक्रॉन व्यासाचा पडतो, म्हणून किरणाला २४ मायक्रॉन व्यासाच्या वर्तुळात फिरवा, भोक ५० चं होईल.

एका पल्सला खोली मिळते २० नॅनोमीटरच्या घरात. कागदावर एका भोकाला ३७ हजार पल्स, १०० किलोहर्ट्झला ०.४ सेकंदापेक्षा कमी. प्रत्यक्षात काही पट जास्त लागतात, कारण भोक खोल गेलं की भिंती तिरक्या होतात, त्यांच्यावर फ्लुएन्स पातळ होतो आणि उडालेला धातू आतच चिकटतो. म्हणून सुरुवात २ ने करा आणि आरपार जायला ५ ते १० मायक्रोज्यूलपर्यंत चढवा.

घाईत किलोहर्ट्झ वाढवायचा मोह होतो. तो टाळा. २ मायक्रोज्यूलला १०० किलोहर्ट्झ म्हणजे ०.२ वॅट, फॉइलची कड काही दहा अंशांनी तापते. १ मेगाहर्ट्झला २ वॅट एकाच जागी आले की वाढ शेकडो अंशांची होते. कडेला पिवळा-निळा ऑक्साइड दिसला की समजा उष्णता साठतेय. वेग हवा असेल तर एक भोक थोडं पाडून दुसऱ्यावर जा, पुन्हा पहिल्यावर या.

सीमा स्वतःच्या फॉइलवर मोजून घ्या, पुस्तकातली उचलू नका. वेगवेगळ्या ऊर्जेला ठिपके पाडा, सूक्ष्मदर्शकाखाली व्यास मोजा, व्यासाचा वर्ग ऊर्जेच्या लॉगॅरिदमसमोर मांडा. रेषेचा उतार स्पॉट-त्रिज्येच्या वर्गाच्या दुप्पट, आणि रेषा जिथे शून्याला भिडते ती सीमेची ऊर्जा. १० पल्स आणि १,००० पल्स यांच्या सीमा वेगळ्या येतील, पल्स वाढतील तशी सीमा उतरते.

ध्रुवीकरण रेषीय ठेवलं तर भोकाचं खालचं तोंड लांबट होतं. क्वार्टर-वेव्ह प्लेट लावून वर्तुळाकार करा. फॉइल सपाट ठोकळ्यावर टेकवू नका. भोकाच्या खाली मोकळी जागा हवी, नाहीतर धातू मागच्या बाजूला साचतो. शोषण नळी कामाच्या जागेजवळ आणि तिला हेपा फिल्टर: ही धूळ क्रोमियम-निकेलची आहे, श्वासात जायला नको. तीव्रता चौरस सेंटिमीटरला १० चा १३वा घात वॅट ओलांडू लागली की मऊ क्ष-किरणांचाही विचार करावा लागतो. वरच्या स्पॉटला २ मायक्रोज्यूलवर तुम्ही त्याच्या चौथ्या हिश्शाला आहात, २० वर मात्र दुपटीच्या पुढे जाल.

हा अ‍ॅम्प्लिफायर घेतलात तरी इमेजिंगचा ऑसिलेटर काढू नका. १०० किलोहर्ट्झला दोन पल्समध्ये १० मायक्रोसेकंद जातात. पिक्सेलवर २ मायक्रोसेकंद थांबलात तर बहुतेक पिक्सेल कोरे. पिक्सेलमागे एकच पल्स धरली तरी ५१२ गुणिले ५१२ च्या चित्राला २.६ सेकंद.

हिंगणा-बुटीबोरीकडे जॉबवर्कला फायबर कटिंग मिळतं, पण ती यंत्रं पत्रा वितळवून वायूने उडवतात. तुमची अट बघता ती इथे चालणार नाहीत.

वैदर्भी_चिलर

दोघांच्या उत्तरात एक गोष्ट राहिली: आपलं हवामान. मे महिन्यात लॅबमध्ये डेझर्ट कूलर लावायचा विचारही करू नका. तो दमट हवा फेकतो, सोबत पाण्याचे क्षार येतात आणि आरशांवर बसतात. बंद एसी हवा, आणि तो रात्रीही चालू. खोली दिवसा थंड, रात्री गरम झाली की टेबल आणि माउंट सरकतात, सकाळी किरण पुन्हा जुळवावा लागतो.

पावसाळ्यात दवबिंदू बघा. खोली २८ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू २२ अंश. चिलर २० वर असेल तर स्फटिकाच्या माउंटवर पाणी धरणारच. आधी खोलीची आर्द्रता ५० च्या खाली आणा, मग चिलर सुरू करा. आणि ९३० ते ९५० नॅनोमीटरकडे ट्यून करणार असाल तर पोकळीत कोरडा नायट्रोजन सोडा. तिथे पाण्याची वाफ प्रकाश शोषून घेते आणि मोड-लॉक (लेसर पल्स देत राहण्याची अवस्था) सुटतो.

संत्रानगरी_लॅब

तिघांचेही मनापासून आभार. फिल्टर बदलला, वळणावर किरण बंद केला. पानाचं चित्र बरंच सुधारलं. सिग्नल आणि पॉवर लॉग-लॉगवर मांडले, ५ ते ४० मिलिवॅटमध्ये उतार १.४ आला. २ यायला हवा ना? प्रिझम अजून आलेली नाहीत.

भिंगवाला

हो, २ च्या जवळच यायला हवा. पल्स रुंद असल्यामुळे उतार बदलत नाही, फक्त रेषा खाली सरकते. तेव्हा प्रिझमची वाट बघू नका.

आधी पॉवर कशी बदलता ते बघा. पंप (लेसरला ऊर्जा पुरवणारा लेसर) कमी-जास्त करत असाल तर पल्सही बदलते. पॉवर हाफ-वेव्ह प्लेट आणि पोलरायझरने बदला. मग किरण बंद करून डिटेक्टरचा आकडा घ्या आणि तो प्रत्येक वाचनातून वजा करा. ही वजाबाकी राहिली तर कमी पॉवरचं टोक वर उचललं जातं आणि उतार खोटा कमी दिसतो.

तरी २ आला नाही तर रेषा कुठे वाकते ते बघा. फक्त २५ च्या वर वाकत असेल तर क्लोरोफिल फिकं पडतंय: प्रत्येक वाचन पानाच्या नव्या जागेवर घ्या, आणि पॉवर चढवत एकदा, उतरवत एकदा. दोन्ही रेषा जुळल्या नाहीत तर कारण तेच. कमी पॉवरला उतार १ च्या जवळ आणि वर जाताना २ कडे चढत असेल तर ८०० चा प्रकाश फिल्टरमधून डिटेक्टरवर येतोय, तो पॉवरच्या सरळ प्रमाणात वाढतो. खात्रीसाठी मोड-लॉक तोडून तीच सरासरी पॉवर ठेवा. पल्स गेल्या की टू-फोटॉन सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो. जे उरेल ते गळती, आणि त्यावर त्याच जातीचा दुसरा फिल्टर पहिल्याच्या पाठीमागे किंचित तिरका लावा.